दंडावरची गादी

"पण आबा, नाडीच आडवी येत असेल तर माणसानं करायचं तरी काय?"

शलाका खराडेनं मोबाइल पुढे धरला. पडद्यावर रायफलीच्या पट्ट्याला लावायची एक छोटी गादी होती. परदेशी, महागडी. पट्टा दंडावर आवळला की नाडीचा ठोका त्यातून रायफलीत उतरतो आणि नेम हलतो. ही गादी म्हणे तो ठोका अडवते.

सुभेदार थोरवतांनी मोबाइल हातात घेतला नाही. लष्करातून निवृत्त झाल्यावर ते कऱ्हाडजवळच्या माळावर पोरांना नेमबाजी शिकवत. सगळे त्यांना आबाच म्हणत.

"मागच्या वर्षी राज्याचा संघ हुकला," शलाका म्हणाली. "थोडक्यात. माझा नेम वाईट नाही आबा, तुम्हाला ठाऊक आहे. जिल्ह्यात तीन वर्षं माझ्यापुढे कुणी नाही. फक्त हा ठोका..."

आबांनी मॅटवरची धूळ झटकली.

"निवडचाचणीला नऊ दिवस आहेत. आज मागवली तरच वेळेवर येईल. घेऊ की नको, एवढंच सांगा."

आबांनी सदऱ्याची बाही वर सारली आणि मनगट पुढे केलं.

"बोटं ठेव."

तिनं ठेवली. एक, दोन, तीन... मग काहीच नाही. मग एक मोठा धक्का, आणि पुन्हा घाईघाईनं दोन.

शलाकाचा चेहरा उतरला.

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. गोळ्या चालू आहेत."

त्यांनी बाही खाली केली. गुडघ्यावर हात टेकत मॅटवर पालथे झाले. जुना कापडी पट्टा दंडावर चढवला, रायफल खांद्याला लावली.

ती वाट पाहत राहिली. पुष्कळ वेळ गेला. एकदा तर त्यांचा डोळा लागला की काय, असं तिला वाटलं.

गोळी सुटली.

तिनं दुर्बिणीतून पाहिलं. लक्ष्याच्या मधल्या, दहा गुणांच्या वर्तुळात भोक होतं. अगदी मधोमध नव्हे, पण दहाच.

"नाडी कधी चुकणार, ते कसं कळतं तुम्हाला?"

"नाही कळत."

आबा उठले आणि बाजूला सरकले. "झोप."

शलाका आडवी झाली. पट्टा आवळला. नळीच्या टोकाचं नेमाचं वर्तुळ लक्ष्याच्या काळ्या ठिपक्याभोवती आलं आणि लगेच उडालं. ठोका. पुन्हा जागेवर, पुन्हा उडालं. एरवी ती पुढचा ठोका यायच्या आत चाप ओढून मोकळी व्हायची. आजही बोट तिकडंच धावलं.

"घाई कशाची?" आबांचा आवाज आला.

तिनं बोट सैल केलं. श्वास सोडला. रायफल खाली घेतली, पुन्हा लावली. आता ती नुसती पाहत होती. वर्तुळ उजवीकडे उडत होतं. दर वेळी उजवीकडेच, दर वेळी तेवढंच. तीन वर्षांत तिनं हे कधी पाहिलं नव्हतं.

दंड भरून आला. माळावरचा वारा पडला. निवडचाचणी, संघ, कुणाला दाखवून द्यायचं होतं ते, सारं कुठंतरी मागे राहिलं...

गोळी सुटली.

ती दुर्बिणीकडे वळली नाही.

"नऊ," ती म्हणाली. "उजवीकडे. उशीर झाला मला, ठोक्यातच सुटली."

आबांनी दुर्बिणीला डोळा लावला.

"नऊ. उजवीकडे."

शलाकानं पट्टा दंडावरून काढला. कातडीवर लाल वळ उठला होता. त्यावर तिनं अंगठा फिरवला. मोबाइल मॅटच्या कडेला पालथा पडला होता.

"आबा..." तिचा आवाज आता खाली आला होता. "मग ती गादी घेऊ की नको?"

"ठोका कळला तुला?"

"कळला. दर वेळी उजवीकडे, दर वेळी तेवढाच."

"मग त्यालाच विचार."