रविवारचं पाणी

फार वर्षांपूर्वी वसईतल्या एका केळीच्या वाडीत तांबड्या नावाचा बैल रहाट ओढायचा. कष्टाची त्याला भारी घमेंड. रविवारी देवळाची घंटा झाली की मालक इनासकाका त्याला मोकळं सोडून मिस्साला, ख्रिस्ती देवळातल्या प्रार्थनेला, जात.

"सुट्टी आळशांना लागते," तांबड्या फुरफुरायचा.

विहीर म्हणायची, "बाबा रे, सहा दिवस उपसतोस. एक दिवस मला भरू दे की!"

त्या उन्हाळ्यात त्याने ऐकलं नाही. काका गेले की तो आपणच रहाटाला खांदा लावी. हळूहळू गोडे झरे आटले, खाडीचं खारं पाणी विहिरीत शिरलं आणि केळी करपल्या.

काकांनी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकून टाकलं. आता आसूड बसणार म्हणून तांबड्याने अंग चोरलं. पण काका त्याच्या सोलवटलेल्या खांद्याला तेल लावू लागले. "दमलास रे. मीच तुला फार राबवलं."

तांबड्याला मान वर करवेना.

पुढच्या रविवारी घंटा झाली, तेव्हा तो खालमानेने विहिरीपाशी येऊन बसला. माफी मागायला त्याने तोंड उघडलं, तोच तळातून झऱ्याची झुळझुळ ऐकू आली. रहाटाच्या करकरीत ती त्याने कधी ऐकलीच नव्हती.