खिंडीचं दार आणि ओली पुरचुंडी

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तिच्यातला राजा कोण होता आणि त्याची राजधानी कुठे होती, हे आता कुणालाच आठवत नाही. आठवते ती एक खिंड आणि त्या खिंडीतलं सागवानी दार.

दाराच्या खाली होता राजाचा सपाट, काळ्या मातीचा मुलूख. तिथे ज्वारी अशी पिके, की कोठारं ओसंडून वाहत. पण मुलूख उष्ण. पेरणीचे दिवस येईपर्यंत त्या ज्वारीला कीड लागे. भाकरीपुरती ती ठीक, पेरली तर उगवेल तर शपथ! दाराच्या वर होते डोंगरकरी. त्यांच्या चिंचोळ्या वावरांत पोटापुरतं पिकत नसे, पण थंड हवेत त्यांचं बियाणं मात्र खणखणीत राही. म्हणून दरसाल खिंडीत अदलाबदल होई. धान्याचे बैल वर जात, बियाण्याची पोती खाली येत. वर जाणारे बैल पुष्कळ, खाली येणारी पोती थोडी. लक्षात ठेवा बरं का हे, कारण सगळा घोटाळा इथेच झाला.

दाराचा नाकेदार होता रायाजी. बियाणं पारखायचं काम त्याचं. ओल्या फडक्यात मूठभर दाणे बांधायचे, पुरचुंडी उबेला ठेवायची आणि कोंब आले की पोती घ्यायची.

एका वर्षी दूरदेशीच्या व्यापाऱ्यांनी बातमी आणली, की समुद्रापलीकडे पिकं बुडाली, लोक धान्यासाठी सोनं मोजताहेत. राजा घाबरला. त्याने गच्चीवरून खिंडीकडे पाहिलं, तर बैलांची रांग वर चाललेली. "आपलं धान्य असं वाहून चाललंय आणि तुम्ही बघत बसलात?" तो प्रधानावर ओरडला. लगेच दवंडी पिटली, की एक दाणाही खिंडीपलीकडे गेला तर नाकेदाराची मान जागेवर राहणार नाही.

बाजारात आधी आनंदीआनंद झाला. ज्वारी स्वस्त झाली, लोकांनी राजाचा जयजयकार केला. पण राजाच घाबरलाय म्हटल्यावर व्यापारी काय गप्प बसतात? त्यांनी माल दडवला. बघता बघता भाव कडाडले आणि भरल्या मुलखात बायका रिकामी सुपं घेऊन बाजारातून परतू लागल्या.

इकडे डोंगरकरी बियाण्याची पोती घेऊन दाराशी येऊन ठेपले. पुढे होती त्यांची म्हातारी पुढारीण, ठकूबाई.

"रायाजी, दार उघड बाबा. पोरं उपाशी आहेत."

"मावशी, हुकूम आहे. माझ्या मानेवर बेतलंय."

"मग आम्ही काय खायचं?"

ठकूबाई पोत्यावर टेकली. "बरं. आम्ही इथेच बसतो. पोट ऐकेनासं झालं, की ही पोती फोडू. तुम्ही पेरा तुमच्या कोठारातलं!"

"पेरू की! कोठारं भरलीत आमची," रायाजी ताठ्यात बोलला खरा, पण मनात चरकला. त्याने राजाच्या कोठारातली मूठभर ज्वारी मागवली आणि ओल्या फडक्यात बांधली. दाराच्या फटीतून ठकूबाईकडूनही मूठभर घेतली. दोन्ही पुरचुंड्या चुलीशेजारी ठेवल्या.

मग वाट पाहणं आलं. मेली ती वाट! दिवस सरेनात. दारापलीकडे पोरं आधी रडत होती, मग तीही थांबली. ते रडणं थांबलेलं रायाजीला जास्त भिववू लागलं.

एका दुपारी पलीकडून धूर उठला आणि मग रोजच उठू लागला. ज्वारी शिजल्याचा वास आला. चौथ्या दिवशी पुरचुंड्यांची मुदत भरली, तशी रायाजीने घाईघाईने कोठारातली पुरचुंडी सोडली. आत नुसता लगदा, आंबूस घाण आणि किडे. एकाही दाण्याला कोंब नव्हता. दुसरी सोडली, तर पांढरेशुभ्र कोंब फडक्यातून बाहेर डोकावत होते.

पलीकडच्या चुलीवर डोंगरकऱ्यांचं जेवण नव्हतं शिजत, त्याच्या साऱ्या मुलखाची पेरणी शिजत होती.

राजधानीला जाऊन परवानगी आणावी, तर तोवर पोत्यांचा तळ दिसला असता. रायाजीने क्षणभर आपली मान चाचपली. मग अडसर काढला.

"मावशी, चुली विझवा! ही माझ्या घरच्या कणगीतली ज्वारी घ्या, पण त्या पोत्यांना हात लावू नका!"

ठकूबाईने त्याच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरून आले. "लेका, चार दिवस आधी शहाणा झाला असतास तर," ती म्हणाली आणि स्वतःच्या हाताने चुलीत पाणी ओतलं.

रायाजीने लगोलग स्वार धाडला. निरोप असा: मी हुकूम मोडलाय, शिक्षा द्यायला महाराजांनी स्वतः यावं.

राजा आला तो तलवार उपसूनच. रायाजीने दोन्ही पुरचुंड्या त्याच्यापुढे ठेवल्या.

"महाराज, मान कुठे पळून जात नाही. आधी ह्या सोडा. ही तुमच्या कोठारातली, ही दारापलीकडची."

राजाने सोडल्या. त्याने तो लगदा बोटाने चाळला, दुसरीतले पांढरे कोंब पाहिले. मग तलवार म्यानात गेली.

"मला फक्त वर जाणारे बैल दिसले रे," तो हळूच म्हणाला. "खाली काय येतं, ते मी कधी पाहिलंच नाही."

त्याच दिवशी दार सताड उघडलं. कोठारातली ज्वारी वर गेली, उरलेली पोती खाली आली. खिंड मोकळी झालेली पाहून व्यापाऱ्यांनीही दडवलेला माल मुकाट्याने बाहेर काढला.

पण निम्मी पोती पोटात गेली होती, ती काही परत येणार नव्हती. त्या वर्षी निम्मा मुलूख पेरणीवाचून राहिला. राजाने हुकूम दिला, की पडीक राहायची ती आधी माझ्या महालासमोरची वावरं राहू देत. वर्षभर तो रोज सकाळी गच्चीवर येई आणि त्या उघड्या काळ्या मातीकडे बघून मान खाली घाली. रायाजीची मान मात्र जागेवर राहिली.

तात्पर्य: जो भीतीपोटी शेजाऱ्याचा घास अडवतो, तो आपलीच उद्याची पेरणी गमावतो.