चंद्राकाकूच्या पदराची गाठ

एका गावात एक चंद्राकाकू होती. तिला गोष्टींचं भारी वेड. ती ज्याला चांगलं म्हणेल, ते बघायला अख्खं गाव जायचं.

पूर्वी जत्रेत एकच मांडव असे. सगळे एकच खेळ बघत आणि वर्षभर विहिरीवर त्याच्याच गप्पा मारत. यंदा मात्र चाळीस मांडव लागले. प्रत्येकाच्या दारात ढोल, आणि 'या, या' करून ओरडणारा एक माणूस.

काकूच्या आळीच्या टोकाला, चिंचेखालच्या पारावर, दाजिबा बाहुल्यांचा खेळ करायचे. ढोल नाही, ओरडणारा नाही. जत्रेच्या आदल्या दिवशी ते काकूकडे आले. तीन वर्षं खपून या बाहुल्या कोरल्यात, म्हणाले. नावाडी आणि त्याची रुसलेली बायको, सात दुपारी मिळून एकच गोष्ट.

"यंदा कुणी फिरकलं नाही, तर बाहुल्या देऊन टाकीन आणि लेकीकडे जाऊन राहीन. तुम्ही तेवढ्या या, वहिनी."

पहिल्या दुपारी काकू जत्रेचं खास लुगडं नेसून निघाली. वाटेत पाराशी क्षणभर थांबली. लाकडाच्या त्या बायकोनं नावाड्याकडे पाठ फिरवली, आणि मग हळूच मान वळवून पाहिलं.

'अगंबाई, हे असं घाईत नाही बघायचं. निवांत बघू.' विसरू नये म्हणून तिनं पदराला गाठ मारली. विहिरीवर तिनं एवढं कौतुक केलं की सगळ्या बायकांनीही आपापल्या पदराला गाठी मारल्या.

मग ढोल वाजला. काकूनं उलटं चालणारा माणूस पाहिला. दुसऱ्या दिवशी लोखंड चावणारी बाई पाहिली. काही विशेष नव्हतं, पण पुढे काय होतंय म्हणून बसून राहिली. मधेच कुणी चांगलं काही सांगितलं की आणखी एक गाठ. डोक्यावर घ्यायला पदर पुरेना. घरी येऊन मात्र रोज कुरकुर, "हल्ली बघण्यासारखं काही राहिलंच नाही बाई."

आठव्या दुपारी ती सगळी कामं आटोपून, बसायला चटई घेऊन पारावर गेली. पार रिकामा. दाजिबा गाठोडं बांधत होते.

"भावजी, खेळ?"

"काल संपला."

"कुणी आलं होतं का?"

"कुंभाराचं गाढव. सातही दिवस. शेवटाला तर त्यानं कान टवकारले हो."

काकूला हसू आलं, आणि अर्ध्यातच विरलं. "आणि बाहुल्या?"

त्यांनी समोरच्या मांडवाकडे बोट केलं. नावाड्याची बायको दाराच्या खांबाला खिळ्यांनी ठोकलेली होती. एक माणूस तिच्या मानेची दोरी ओढत होता, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्यांना 'या, या' करत मान हलवत होती. काकूनं चटई काखेत मारली आणि ती दाजिबांकडे वळली.

"भावजी, ती बसली का हो होडीत, शेवटी?"

"ते सांगायचं नसतं, वहिनी. बघायचं असतं." दाजिबांनी गाठोडं खांद्यावर टाकलं आणि लेकीच्या गावची वाट धरली.

घरी येऊन काकूनं पदर मांडीवर घेतला. एकवीस गाठी. दाजिबांची गाठ कोणती, ते तिला काही केल्या ओळखू येईना. सगळ्या सोडवल्या, तरी चुण्या काही गेल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी विहिरीवर बायका तिला विचारू लागल्या, त्या बाहुल्यांच्या गोष्टीचा शेवट काय झाला गं? काकूनं घागर विहिरीत सोडली. पलीकडच्या बांधावर कुंभाराचं गाढव चरत होतं. गावात शेवट ठाऊक होता तो फक्त त्याला.

तात्पर्य: टाकाऊ आपण लगेच बघतो आणि चांगलं निवांत वेळेसाठी राखून ठेवतो. ती वेळ येईपर्यंत चांगलं थांबत नाही.