खारीचे प्रश्न आणि सायाळीचे उत्तर

एका दाट जंगलात, ओढ्याकाठच्या बिळात एक सायाळ आपल्या दोन पिल्लांना घेऊन राहत असे. अंगभर काटे होते, पण तिचा भरवसा काट्यांपेक्षा संशयावर अधिक. मुलांनो, यात तिचा दोष नव्हता. आदल्या वर्षी एक कोल्हा सशांची विचारपूस करत हिंडला होता. कोण कुठे झोपते, घरात पिल्ले किती, हे त्याने मोठ्या आपुलकीने विचारून घेतले आणि महिन्याभरात निम्मे ससे नाहीसे झाले. तेव्हापासून कुणी गोड बोलू लागले, की सायाळीचे काटे आपसूक उभे राहत.

अशात त्या जंगलाच्या विद्यापीठात पर्यावरण शिक्षण केंद्र सुरू झाले. केंद्राचा प्रमुख करकोचा होता. शिकलेला पुष्कळ, पण मोजके बोलणारा. जंगलातल्या पाण्याचा आणि प्राण्यांचा अभ्यास करायचे त्याने मनावर घेतले आणि खारीला घरोघर पाठवले. पाणी कुठले पिता, खाता काय, घरात किती जण, असे खार विचारी आणि उत्तरे पानांवर टिपून नेई. त्या पानांचे पुढे काय होते, असे सायाळीने तिला विचारले, तर ते खुद्द खारीलाही ठाऊक नव्हते. सायाळ काय समजायचे ते समजली. तिने झऱ्याचे पाणी पितो असे खोटेच सांगून टाकले आणि शेजारीपाजारी जाऊन सर्वांना बजावले, की खरे कुणी बोलू नका. कोल्ह्याची आठवण ताजी होती, त्यामुळे तिचे सगळ्यांना पटले. खालच्या डोहावर पाणी पिणाऱ्यांनी वरच्या झऱ्याचे नाव सांगितले. रानडुकरिणीने आपल्या सहा पिल्लांची दोनच करून टाकली.

पावसाळा सरला आणि सायाळीचे धाकटे पिल्लू आजारी पडले. पोटात काही ठरेना, पाय लटपटू लागले. मग भेकराच्या पाडसाने अंथरूण धरले, पाठोपाठ रानडुकरिणीच्या तीन पिल्लांनी. केंद्रातल्यांनीच पाण्यात काहीतरी कालवले असणार, अशी सायाळीची खात्री पटली. ती काटे फुलवून तडक केंद्रात गेली.

"आमच्या डोहात काय टाकलंत तुम्ही?" तिने करकोच्याला विचारले.

"डोहात?" करकोचा गोंधळला. "डोहाचं पाणी तर कुणीच पीत नाही. म्हणून आम्ही इतके दिवस झऱ्याचंच तपासतो आहोत."

त्याने पानांची चळत तिच्यापुढे ठेवली. सायाळीने एकेक पान उलटून पाहिले. डोहाचे नाव कुठेच नव्हते. एका पानावर तिचे स्वतःचे उत्तर होते: सायाळ, पाणी झऱ्याचे. तिचे काटे हळूहळू खाली बसले.

"खोटं मीच सांगितलं, आणि इतरांनाही सांगायला लावलं," ती म्हणाली. "पण गुरुजी, तुम्ही कशासाठी विचारता, हे आम्हाला कधी सांगितलंत का?"

करकोचा म्हणाला, "नाही सांगितलं. विद्यापीठाचं नाव ऐकून सगळे विश्वास ठेवतील, असं मी धरून चाललो. चूक माझी आहे."

त्याने चूक कबूल केली, तरी सायाळ एवढ्यावर विरघळणारी नव्हती. तिने अटी घातल्या. सारी पाने उघड्या कातळावर मांडायची, म्हणजे कुणीही येऊन पाहावीत. कोण कुठे झोपते, हे कुणीही विचारायचे नाही. आणि अभ्यासाला जंगलातल्यांनाही बरोबर घ्यायचे. करकोच्याने तिन्ही अटी मान्य केल्या.

दुसऱ्याच दिवशी प्राणी बिचकत बिचकत कातळापाशी जमले. आधी सायाळीने आपले उत्तर बदलले. मग एकेकाने आपापले बदलले. तेव्हा दिसले, की आजारी पिल्ले सगळी डोहावरची होती, झऱ्यावरचे एकही नव्हते. सगळे डोहावर गेले. करकोच्याने पाणी चोचीत घेऊन पाहिले, मेलेले मासे दाखवले, पण कारण काही त्याला उमगेना. सायाळीने मात्र काठावरच्या चिखलात तोंड घातले, एक कुजकी फांदी ओढून काढली आणि जन्मभर साली कुरतडणाऱ्या आपल्या दातांनी ती जराशी चावून थुंकून टाकली. तो रामेठा होता. त्याच्या सालीने मासेसुद्धा भोवंडून मरतात. पावसात दरड कोसळली, तेव्हा रामेठ्याची झुडपे डोहात पडून तिथेच कुजत राहिली होती.

रानडुकरांनी दोन दिवस खपून ती झुडपे बाहेर ओढली. ओढ्याच्या धारेने डोह धुऊन निघेपर्यंत सगळे झऱ्यावर जाऊ लागले. पिल्ले एकेक करून उठली. सायाळीचे धाकटे सर्वांत शेवटी उठले. तोवर तिला अन्न गोड लागले नाही.

पुढे करकोच्याने तिला केंद्रात शिकवायला बोलावले. ती पोरांना साली आणि मुळे ओळखायला शिकवी. करकोच्याने नवा अभ्यास काढला, की प्रश्न आधी तिच्यापुढे येत. "हे कशासाठी विचारायचं?" असे ती डोळे बारीक करून विचारी, आणि उत्तर पटल्याशिवाय खारीला दाराबाहेर पाऊल टाकू देत नसे.

तात्पर्य : ज्यांच्याविषयी जाणून घ्यायचे, त्यांना त्या कामात बरोबरीने घ्यावे. संशय गोड बोलण्याने जात नाही, सगळे उघड मांडल्याने जातो.