लोंबते टोक

एकदा एका पेठेच्या गावी, नेमक्या खंडेनवमीच्या दिवशी, भांड्यांच्या एका तीनमजली दुकानातले सगळे संगणक एकदम मुके झाले. सकाळी यंत्रांची पूजा झाली होती. शेठजींनी स्वतः पाटावर बसून तराजूला, बिलाच्या प्रिंटरला आणि कपाटातल्या काळ्या सर्व्हरलाही हळदकुंकू वाहिले होते, झेंडूचे हार घातले होते. प्रसाद वाटून झाला. बिलावर बसणाऱ्या मंदाताईंनी पहिले बिल करायला घेतले, तर पडद्यावर एकच ओळ आली, सर्व्हर सापडत नाही. मग वरच्या दोन्ही मजल्यांवरूनही तीच ओरड सुरू झाली. दुसऱ्या दिवशी दसरा होता आणि दुकानात पाय ठेवायला जागा उरणार नव्हती.

श्रीपादला बोलावणे गेले. गावात अप्पा नावाचे एक वृद्ध जाणकार होते. उभा जन्म टेलिफोनच्या तारा जोडण्यात गेला, आणि निवृत्तीनंतर पेठेतल्या दुकानांचे संगणक तेच सांभाळत. श्रीपाद त्यांचा शिष्य. त्या दिवशी अप्पांनी त्याला प्रथमच एकट्याला धाडले होते. पोराचा हात चपळ होता, डोके तल्लख होते, आणि वयाला शोभेल इतकी घाईही होती.

त्याने सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. काही झाले नाही. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये दोनचार फेरफार केले, राउटर काढून दुसरा लावला. तरीही नाही. शेठजी मागे येऊन उभे राहिले, तसा त्याला घाम फुटला. सगळ्या संगणकांच्या तारा जिथे एकत्र येतात ती त्याच कपाटातली पेटी, म्हणजे स्विच, त्याने पूर्ण मोकळी केली आणि लागतील तेवढ्याच तारा परत लावल्या. इतक्यात मंदाताई संकोचत म्हणाल्या, "परवा नवा प्रिंटर जोडला ना, तेव्हा ते काहीतरी विचारत होतं. मी 'होय' दाबलं." श्रीपादने लगेच त्यांच्या संगणकाची सेटिंगही बदलली आणि मग सगळे एकदम सुरू केले. तिन्ही मजल्यांवर बिले निघू लागली.

"कशाने झालं होतं रे?" शेठजींनी विचारले.

खरे तर श्रीपादला माहीत नव्हते. पण पहिलेच काम होते, आणि समोर शेठजी उत्तराची वाट पाहत होते. शेवटी जे केले त्यानेच गुण आला असणार, असे त्याने मनाशी धरले. आपण सगळेच असे धरतो, त्यात त्याचे विशेष काही नाही.

"मंदाताईंच्या मशीनवर सेटिंग बदललं गेलं होतं. त्यानेच सगळं अडलं," तो म्हणाला.

शेठजी मनाने वाईट नव्हते, पण त्यांचा राग नाकाच्या शेंड्यावर असे. ऐन सणात धंदा बुडाला असता, या विचाराने ते भडकले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका." नवऱ्यामागे मंदाताईंचे घर याच एका नोकरीवर उभे होते. "मी नुसतं होय दाबलं होतं," एवढेच त्या म्हणाल्या. डबा पिशवीत टाकला आणि पायऱ्या उतरून गेल्या. श्रीपाद पायऱ्यांपर्यंत मागे गेला आणि तिथूनच परतला. पण दुकान तर चालू झाले ना, असे म्हणून त्याने स्वतःची समजूत घातली. अशी समजूत फार लवकर पटते.

उन्हे कलताना अप्पा प्रसादाला आले. बिलाच्या खुर्चीवर दुसरेच कोणी पाहून त्यांनी चौकशी केली, सगळी हकीकत शांतपणे ऐकली, हातातला पेढा खाली ठेवला आणि श्रीपादला म्हणाले, "तू जे जे केलंस ते सगळं परत होतं तसं कर. एकेक करून."

"परत?" श्रीपादला वाटले, आपण चुकीचे ऐकले.

शेठजी तर खुर्चीतून उठलेच. "अप्पा, अहो चाललेलं बंद का पाडताय? उद्या दसरा आहे."

"उद्या दसरा आहे म्हणूनच, शेठ. थोडा धीर धरा."

अप्पांचा शब्द मोडायची पेठेत कुणाची छाती नव्हती. श्रीपादने आधी मंदाताईंच्या संगणकाची सेटिंग पूर्वीसारखी केली. त्याची नजर पडद्यावर खिळली होती आणि मनोमन, सांगायलाही लाज वाटावी, तो प्रार्थना करत होता की आता सगळे बंद पडू दे. बंद पडले नाही. बिले निघत राहिली. पुढे त्याने सर्व्हरची सेटिंग होती तशी केली, जुना राउटर परत बसवला. दुकान ठणठणीत चालत राहिले.

"आणखी काय काढलं होतंस?"

कपाटाच्या तळाशी एक निळी तार गुंडाळून पडली होती. "ही," श्रीपाद म्हणाला. "हिची दोन्ही टोकं स्विचमध्येच होती. कुठल्याच मशीनला जात नव्हती. बिनकामाची वाटली, म्हणून बाजूला ठेवली."

"लाव."

त्याने दोन्ही टोके लावली. काही क्षणांत पेटीवरचे सगळे दिवे एका दमात लुकलुकू लागले आणि वरून ओरड आली, "सर्व्हर डाऊन झाला हो." अप्पांनी एक टोक उपटायला लावले, तशी बिले पुन्हा निघू लागली. त्यांनी ते टोक परत लावायला सांगितले. दुकान पुन्हा ठप्प झाले. मग ते तार काढून शेठजींकडे वळले.

"एका पेटीतून निघालेली तार त्याच पेटीत शिरली, की आतला निरोप फिरून फिरून तिथेच येतो. अशा निरोपांची इतकी दाटी होते की खऱ्या निरोपाला वाट मिळत नाही. सर्व्हर बिचारा धडधाकट होता. त्याच्यापर्यंत कुणी पोचतच नव्हतं. आता हे टोक आत गेलं कसं?"

शेठजींनी ती तार हातात घेऊन पाहिली. मग हळूच म्हणाले, "मीच खोचलं. पूजेच्या वेळी ते लोंबत होतं. हार घातल्यावर बरं दिसेना. समोर एक भोक मोकळं दिसलं, म्हटलं तिथलंच असेल."

"आणि लोंबत कुणी ठेवलं होतं?"

श्रीपादने मान खाली घातली. मागे वरच्या मजल्यावरून एक संगणक हलवला होता, तेव्हा त्याची तार खाली ओढून घेतली, पण पेटीतले तिचे टोक काढायला तोच विसरला होता.

अप्पांचा स्वर चढला नाही. "तारेची चूक मी मोजत नाही. तसल्या मीही केल्यात. पण शेठनी विचारलं तेव्हा तुला एवढंच ठाऊक होतं की दुकान चालू झालं. तेवढंच सांगायचं होतंस. 'चालू झालं, पण कशाने ते मला अजून कळलेलं नाही.' हे बोलताना जीभ जड होते, कारण त्यात आपण लहान दिसतो. तू ते गिळलंस. मोकळी जागा राहिली, ती बरी दिसेना, म्हणून तिथे एक माणूस खोचलास."

श्रीपाद चपला घालायला निघाला. शेठजींनीही टोपी हातात घेऊन दाराची वाट धरली होती. "चल," ते म्हणाले, "दोघांनाही जायचंय."

मंदाताई ओसरीवर तांदूळ निवडत बसल्या होत्या. शेठजींनी उभ्या उभ्याच सांगितले, "बाई, चूक माझी होती. उद्या या." श्रीपादला वाटले होते, त्या रागावतील, निदान चार शब्द सुनावतील. त्यासाठी त्याने मन घट्टही केले होते. त्याने तार, टोक, पेटी, आपले खोटे उत्तर, सगळे काही न लपवता सांगितले. मंदाताईंनी ते नीट ऐकून घेतले आणि सूप बाजूला ठेवले.

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं झालं?"

"नाही, ताई."

"बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पदराने डोळे टिपले. "दुपारपासून मलाही वाटायला लागलं होतं, की मीच काहीतरी केलं असणार."

त्यानंतर श्रीपादने पेठेतली कितीतरी यंत्रे दुरुस्त केली. यंत्र चालू होऊनही कारण कळले नसेल, तर तो तसे पहिल्यांदा सांगतो आणि मगच निघायला उठतो.