न मिळालेली दीक्षा

“म्हणजे मी दीक्षेला पात्र नाही, असंच ना?”

रजनीताई भंगाळ्यांनी हे विचारलं, तेव्हा यमुनाजिजी ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. तापीकाठच्या त्या लहानशा आश्रमात जिजींचं आयुष्य गेलं होतं. वय ऐंशीच्या पुढं. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. बोटं मात्र किडका दाणा बरोबर बाजूला टाकत होती.

“पात्र नाहीस असं कुठं म्हटलं? का मागतेस, एवढंच विचारलं.”

रजनीताई भुसावळ-सावद्याकडं गीतेवर प्रवचनं करत. शाळेत संस्कृत शिकवलेलं, वाणी स्वच्छ. कुणाच्या घरी माणूस गेलं की त्यांना बोलावणं यायचंच. देह हा अंगावरचा कपडा, विरला की टाकायचा, हे त्या अशा सांगत की रडणाऱ्या बायका गप्प होत.

महिन्यामागं त्यांचा डावा स्तन काढला होता. कॅन्सर काखेतल्या गाठींत उतरला होता. येत्या गुरुवारपासून जळगावला केमो सुरू व्हायची होती.

“मला केमो घ्यायची नाही,” रजनीताई म्हणाल्या. “लोकांना जे सांगत आले, ते जगून दाखवायची वेळ आलीय. उरलेले दिवस इथं काढीन. देहाचं काय व्हायचं ते होऊ दे.”

पायरीवर त्यांची धाकटी बहीण नलिनी बसली होती. तिला राहवलं नाही.

“जिजी, तुम्ही तरी समजवा हिला. डॉक्टर म्हणतात, वेळ घालवू नका...”

“नलू, तू मध्ये बोलू नकोस.”

जिजींनी पुढची शेंग उचलली.

“जखम भरली?”

“भरली असेल.”

“असेल?”

“नलूच बघते. पट्टी बदलताना मी डोळे मिटून घेते.”

“का गं?”

“देहाकडं काय बघायचं, जिजी? मी म्हणजे देह नव्हे.”

“मग डोळे कुणासाठी मिटतेस?”

रजनीताई नदीकडं बघू लागल्या. उन्हाळ्यानं पाणी मागं गेलं होतं. काळे खडक वर आले होते.

जिजींनी सूप बाजूला सारलं.

“बरं, देते दीक्षा. पण घरदार, नाव, देह, सगळं इथं आणून ठेवावं लागतं. काय ठेवून घेते आहे, ते मला कळायला नको? मला तर दिसत नाही... आत चल. तू बघ, आणि मला सांग.”

खोलीत एक चटई होती आणि पाण्याचा माठ. रजनीताईंनी दार लावून घेतलं. खिडकीतून भरपूर उजेड येत होता. पदर काढताना त्यांचे हात व्यवस्थित चालले. पोलक्याच्या हुकांशी मात्र बोटं अडखळायला लागली. पट्टीही त्यांनी स्वतःच सोडली.

जिजी भिंतीला टेकून बसल्या.

“सांग.”

रजनीताईंनी छताकडं बघत घसा साफ केला. “हा पंचमहाभूतांचा, नश्वर...”

“ते मला पाठ आहे. दिसतं ते सांग.”

रजनीताईंनी मान खाली घातली.

“सपाट आहे.”

“हं.”

“एक व्रण आहे. छातीच्या मधून निघतो, काखेत जातो. दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके... काखेपाशी कातडी गोळा झालीय. शिंप्यानं घाईत टीप मारावी तशी.”

“रंग?”

“जांभळट. मध्येच काळा.” त्यांनी बोट लावलं आणि लगेच उचललं. “बोट लागलं ते कळतच नाही. कुणा दुसरीला लावल्यासारखं वाटतं.”

“आणखी?”

“बरगड्या दिसतात. आणि...”

रजनीताई आणखी खाली वाकल्या.

“धडधडतंय, जिजी. वरूनच दिसतंय. कातडी हलतेय. इतकं जवळ असतं हे? मला कधी... बघा ना, किती जोरात धडधडतंय...”

त्या खाली बसल्या. तोंडातून जो आवाज निघाला, तो प्रवचनकाराचा नव्हता. बाहेर नलिनी धावत दारापाशी आली, कडीला हात लावला आणि तशीच उभी राहिली. इस्पितळातसुद्धा तिनं बहिणीला रडताना पाहिलं नव्हतं.

“मला मरायचं नाही, जिजी. मला मरायचं नाही.”

जिजींनी समजूत घातली नाही. चाचपडत चटईवरचं पोलकं शोधलं आणि हातात धरून बसल्या. रडणं ओसरेपर्यंत.

मग पोलकं पुढं केलं.

“दीक्षा हवी आहे?”

“नको.”

“बरं.”

गुरुवारी रजनीताई नलिनीबरोबर जळगावला गेल्या.

पुढचे महिने वाईट गेले. केस गेले, भुवया गेल्या. तोंडात फोड आले, पाणीसुद्धा झोंबायचं. नखं काळी पडली. कधी त्या नलिनीवर ओरडायच्या, कधी तिचा हात सोडायच्या नाहीत. पट्टी सुटल्यावर रोज सकाळी त्या व्रणावर स्वतः खोबरेल लावायच्या.

केमो संपल्यानंतर सावद्याहून बोलावणं आलं. एका घरचा कर्ता मुलगा गेला होता. अंगण माणसांनी भरलेलं. माइक लावलेला. रजनीताई डोक्याला रुमाल बांधून उभ्या राहिल्या. “देह...” म्हणाल्या, आणि थांबल्या. समोर त्या मुलाची आई मुलाचा सदरा उराशी धरून बसली होती. रजनीताई माइकपासून बाजूला झाल्या आणि तिच्याशेजारी जाऊन बसल्या. संध्याकाळपर्यंत बसल्या. एक शब्द बोलल्या नाहीत.

लोक म्हणाले, आजारानं बाईंची वाणी गेली. त्यानंतर बोलावणी आली नाहीत.

दुसऱ्या हिवाळ्यात त्यांची कंबर दुखायला लागली. कॅन्सर हाडांत गेला होता. डॉक्टर आता बरं होण्याबद्दल बोलत नव्हते. दुखणं आटोक्यात ठेवू, म्हणत होते.

रजनीताई आश्रमात आल्या त्या नलिनीच्या खांद्याचा आधार घेत. ओसरीची एकच पायरी चढायला त्यांना दम लागला.

“कोण?”

“रजनी.”

“बस.”

नलिनीनं त्यांना भिंतीला टेकवून बसवलं. सकाळ थंड होती. नदीवर धुकं होतं.

“परत आलाय, जिजी.”

“हं.”

“या वेळी काही मागायला नाही आले.”

“बरं.”

“एक विचारू?”

“विचार.”

“भीती... कधी जाते?”

जिजींचा हात चटईवर फिरला. त्या जरा बाजूला झाल्या, जागा केली.

“माझी गेली की तुला सांगेन... ये, इकडं सरक. इथं ऊन आहे.”