अकरा हरवल्याची पाटी

माणदेशातल्या कातरवाडीत हणमंत वाघमोडे नावाचा एक माणूस राहायचा. त्याला गर्व होता, आणि गर्व करावा असं कामही त्याच्यापाशी होतं. बिनकामाचा गर्व करणारे गावोगाव पडलेत, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही.

कातरवाडीत खिलार जनावरांच्या पैदाशीचा संघ होता. कुठल्या गाईची आई कोण, बाप कोण, आजी कोण, हे सगळं संघ लिहून ठेवायचा. वीस हजार जनावरं आणि एकेकाच्या सात-सात पिढ्या. ही वंशावळ गेली तर वळू आपल्याच लेकीवर सोडला जातो, आणि चार पिढ्यांत सगळी जात बिघडते. म्हणजे वंशावळ हा संघाचा जीव. तो जीव एका मशीनमध्ये, म्हणजे संगणकात, होता. मशीन युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालायचं आणि हणमंत ते सांभाळायचा.

सोळा वर्षं सांभाळलं. कुठली डिस्क भरत आलीय, कुठल्या कप्प्याला किती जागा द्यायची, दोन डिस्क जोडून एक मोठी कशी करायची, हे तो झोपेतून उठवलं तरी सांगायचा. संघातलं कुणी म्हणालं, "हणमंतराव, जरा फोटो ठेवायला जागा द्या की," तर तो म्हणायचा, "गाईचा असेल तर देतो. चेअरमनचा असेल तर नाही."

त्याच्या खोलीच्या दारावर त्यानं स्वतः रंगवलेली पाटी होती: 'सोळा वर्षं. एक फाइल हरवली नाही.' दर पाडव्याला तो जुना आकडा पुसायचा आणि नवा लिहायचा. त्या दिवशी घरी गुढी उशिरा उभी राहायची, पण पाटी आधी.

आता त्याची एक खोड सांगायला हवी. मुख्य डिस्कवरच्या सगळ्या फाइलींची नक्कल रोज एका वेगळ्या डिस्कवर उतरायची. त्या डिस्कला त्यानं नाव दिलं होतं कणगी, धान्य साठवायच्या कणगीवरून. मशीन सुरू झालं की बाकीच्या डिस्क आपोआप जोडल्या जायच्या, कारण त्यांच्या ओळी एका यादीत लिहिलेल्या होत्या. कणगीची ओळ मात्र हणमंतानं मुद्दाम लिहिली नव्हती. कणगी तो स्वतः, हुकूम देऊन, हातानं जोडायचा. "माझा हात लागल्याशिवाय कणगी उघडत नाही," असं तो पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे मान डोलवायचे. पाहुण्यांचं काय जातंय?

माघ महिन्यात संघाचं मोठं प्रदर्शन होतं. तालुक्या-तालुक्यांतून लोक जनावरं घेऊन आले होते. रिंगणात उतरायला प्रत्येक जनावराला वंशावळीचा दाखला लागायचा, आणि दाखला निघायचा हणमंताच्या मशीनमधून. शिवाय दुपारी चार वाजता मांडवात हणमंताला फेटा बांधायचं ठरलं होतं. बायकोनं नवं धोतर काढून ठेवलं होतं.

सकाळी सातला तो खोलीत शिरला आणि दारातच थबकला. मुख्य डिस्क कट् कट् आवाज करत होती. सोळा वर्षांत त्या खोलीत असा आवाज कधी आला नव्हता. पडद्यावर ओळ उमटली: वाचता आलं नाही. थोड्या वेळानं आणखी एक.

हणमंत घाबरला नाही. डिस्क मरतेच कधीतरी, त्यासाठीच तर कणगी. त्यानं मशीनला विचारलं, कुठल्या डिस्क जोडलेल्या आहेत, किती भरल्यात. यादी आली. यादीत कणगी नव्हती.

त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा नव्हती. पण कणगीच्या नावाखाली फाइली दिसत होत्या. कालची नक्कल होती, परवाचीही होती. रोज सकाळी मशीनची चिठ्ठी यायची, 'नक्कल पूर्ण', तीही खोटी नव्हती.

मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. वैशाखात तो भाचीच्या लग्नाला गेला होता. तेव्हा वीज गेली, मशीन बंद पडलं, आणि शिपाई मारुतीनं बटण दाबून ते सुरू केलं. सगळं सुरू झालं. कणगी तेवढी जोडली गेली नाही, कारण ती जोडणारा हात लग्नात जिलेबी खात होता. परत आल्यावर त्यानं चिठ्ठी बघितली. 'नक्कल पूर्ण.' बस्स.

हे असं असतं. डिस्क जोडायची म्हणजे एका दाराच्या मागं खोली लावायची. खोली नसली तरी दार असतंच, कारण मशीनला नुसतं दार लागतं. दारातून टाकलेलं धान्य कणगीत न जाता बाहेर ओसरीवरच सांडतं, आणि टाकणारा म्हणतो, पडलं बरं का आत. नऊ महिने वंशावळ आणि वंशावळीची नक्कल एकाच डिस्कवर पडत होत्या. आणि ती डिस्क आता मरायला टेकली होती.

हणमंतानं हुकूम देऊन कणगी जोडली. आत वैशाखापर्यंतचंच होतं. पण एक गोष्ट झाली. कणगी जोडल्याबरोबर तिच्या दाराखालचा नऊ महिन्यांचा सांडलेला पसारा दिसेनासा झाला. खोली लागली की ओसरी झाकली जाते. जगात कुणालाही कळलं नसतं. तो गप्प बसला असता, तर दारावरची पाटी तशीच राहिली असती.

तो पाटीकडं बघत उभा राहिला. बराच वेळ उभा राहिला, हे लपवण्यात अर्थ नाही. मग तो चेअरमनकडं गेला.

चेअरमन बाजीराव झिमल मांडवात खुर्च्या लावून घेत होते. हणमंतानं सगळं सांगितलं आणि म्हणाला, "मशीनची बाकी सगळी कामं आत्ता बंद करतो. दाखले निघणार नाहीत. जेवढं वाचतंय तेवढं आधी कणगीत उतरवतो."

"खुळा का काय तू?" चेअरमन म्हणाले. "तीनशे जनावरं दारात उभी आहेत. चारपर्यंत ढकल. फेटा बांधून घे, मग कर काय करायचं ते."

"लंगडत्या बैलाला नांगराला जुंपू म्हणता? एकेका दाखल्याला ती डिस्क थोडी थोडी मरतीय."

चेअरमननी आवाज खाली आणला. "बरं, बंद करायचंच असलं तर मारुतीच्या नावावर टाक. बटण त्यानं दाबलं होतं ना? तुझी पाटी पण राहील, फेटा पण राहील."

मारुती तिथंच सतरंजी अंथरत होता. त्यानं मान वर केली नाही, पण हात थांबले.

हणमंत म्हणाला, "बटण त्यानं दाबलं. ओळ मी लिहिली नव्हती."

आणि त्यानं मांडवातला माईक उचलला. माईकवर बोलायची त्याला सवय नव्हती, म्हणून तो ओरडलाच. "मंडळी, मी हणमंत वाघमोडे. नऊ महिने नक्कल चुकीच्या जागी पडत होती. चूक माझी. वंशावळ धोक्यात हाय. आज दाखला मिळणार नाही. शिव्या द्यायच्या त्या संध्याकाळी द्या, आत्ता मला काम हाय."

शिव्या लगेच आल्या, संध्याकाळपर्यंत कुणी थांबलं नाही. "सोळा वर्षं पाटी मिरवली की रं!" कुणी ओरडलं. "पाटी चुलीत घाल!" दुसरा म्हणाला. त्या गर्दीत हौसाबाई मदने होती. सत्तरीची म्हातारी, वळू घेऊन तीन दिवस चालत आली होती. तिनं वळूला दाव्याला बांधलं, आणि खोलीच्या पायरीवर येऊन बसली.

हणमंतानं मशीनची बाकी सगळी कामं थांबवली. कणगी दुसऱ्या दाराला लावली, म्हणजे ओसरीवरचा पसारा पुन्हा उघडा झाला. मग एकेक फाइल उतरवायला लागला. मुख्य ठिकाणी वाचता आली नाही तर पसाऱ्यातली नक्कल घ्यायची. दोन्हीकडं अडली, आणि वैशाखानंतरची म्हणून कणगीतही जुनी नसली, तर कागदावर त्या जनावराचा आकडा लिहायचा आणि पुढं जायचं. जेवला नाही. मारुतीनं चहा आणला, तोही गार झाला.

तीन वाजून वीस मिनिटांनी डिस्कनं शेवटचा कट् केला आणि गप्प झाली. त्याआधी दहा मिनिटं काम संपलं होतं. वीस हजार जनावरांची वंशावळ कणगीत सुखरूप होती. कागदावर अकरा आकडे होते.

त्यानं आकडे बघितले. तिसरा आकडा हौसाबाईच्या वळूचा होता, त्याची नोंद दिवाळीतच झाली होती.

तो बाहेर पायरीवर आला. "हौसाक्का, अकरा सोडून सगळी वाचली. त्या अकरांत तुझ्या वळूची पण गेली."

म्हातारी म्हणाली, "माझी कुठं गेली? तुझी गेली. लिही. ह्याची आई हरणी, हरणीची आई मोरी, मोरीची आई कोसी. कोसीला मी वाटीनं दूध पाजलंय."

"अशी तोंडी कशी लिहू? सगळेच सांगायला लागतील, माझ्या बैलाचा बाप इंद्राचा."

"मग बघ की तुझ्या यंत्रात. हरणीची दुसरी लेक नेलीय नाझऱ्याच्या शिंद्यानं. तिथं आजी कोण लावलीय ती वाच आणि मग मला खोटी म्हण."

मशीन दुसऱ्या डिस्कवर सुरू झाल्यावर हणमंतानं बघितलं. शिंद्याच्या गाईची आई हरणी, आजी मोरी, पणजी कोसी. एकही नाव इकडचं तिकडं नव्हतं. त्यानं वळूचा दाखला छापला, सही केली, आणि दोन्ही हातांनी म्हातारीला दिला. प्रदर्शन एक दिवस लांबलं, एवढंच झालं. वळू दुसऱ्या दिवशी रिंगणात असा चालला की बघणारे शिव्या विसरले.

फेटा मात्र बांधला गेला नाही. चेअरमनच्या कपाटात गेला तो गेला. एव्हाना कसर लागली असेल.

उरलेल्या दहांसाठी हणमंत महिनाभर मोटारसायकलवर गोठे हिंडला. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी सांगितलेलं लिहून घ्यायचं, आणि नातेवाईक जनावरांच्या फाइलींशी पडताळायचं. दहाही उभ्या केल्या. पण त्याही आधी त्यानं यादीत कणगीची ओळ लिहिली. मशीन सुरू झालं की कणगी आता आपोआप जोडली जाते, कुणाच्या हातावाचून अडत नाही. आणि कणगीच्या आत एक छोटी फाइल ठेवली, खुणेची. रोज नक्कल उतरायच्या आधी मशीन ती खूण शोधतं. खूण दिसली नाही तर एक दाणाही टाकायचा नाही, बोंब मारायची.

पाडवा आला. हणमंतानं पाटी उतरवली, पूर्ण खरवडली आणि नवी लिहिली: 'सतरा वर्षं. अकरा हरवल्या. कशा, ते आत येऊन विचारा.'

चेअरमन पाटीखाली थांबले. "अरे, आणल्यास की अकराच्या अकरा परत. मग कशाला हे जगाला दाखवतोस?"

"परत आणल्या हौसाक्कानं आणि गोठ्यागोठ्यातल्या म्हाताऱ्यांनी. हरवल्या मी."

आता त्या दारात लोक येतात. दूध संघातली माणसं येतात, दवाखान्यातली मशीन सांभाळणारी येतात. पाटी वाचून हसतात आणि आत येऊन विचारतात. हणमंत छाती पुढं काढून सगळं सांगतो, जिलेबीसकट. सांगून झालं की विचारतो, "तुमची कणगी जोडलेली हाय का? चिठ्ठी नका सांगू. आत हात घालून बघितलं का?"

परवा तिघं आले होते. हे ऐकून तिघांनीही तिथूनच आपापल्या कचेरीत फोन लावले. एकाचा चेहरा पडला, आणि तो चहा न घेताच निघाला. हणमंतानं त्याला वेशीपर्यंत सोडलं. परत येताना तो असा चालत होता, जसा फेटा बांधलेला माणूस चालतो.

तात्पर्य: कामाचा गर्व जरूर करावा, पण 'पूर्ण' म्हणणाऱ्या चिठ्ठीवर न विसंबता आत हात घालून बघावं, आणि चुकलं तर चूक दुसऱ्याच्या नावावर न टाकता आपल्याच दारावर मोठ्या अक्षरांत लिहावी, म्हणजे पुढचा माणूस वाचतो.